ब्लॅडरचं जुनाट दुखणं आणि जीन एक्स्प्रेशनचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसी म्हणा, ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणा, या आजारावरच्या जीन एक्स्प्रेशनच्या संशोधनाबद्दल पेशंट, त्यांच्या घरचे आणि अधूनमधून बायोइन्फॉर्मॅटिक्स शिकणारी मुलंसुद्धा जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ४, ७ आणि ८ वाचा, सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या युरॉलॉजिस्टशी बोलूनच घ्यायचा.

१. आयसी म्हणजे लघवीचं इन्फेक्शनच ना? मग अँटिबायोटिकनं बरं का होत नाही?

इन्फेक्शन नाही, म्हणूनच होत नाही. ब्लॅडर भरत जाईल तसं दुखणं, दाब किंवा जळजळ वाढत जाते, लघवी करून आलं की जरा बरं वाटतं, थोड्या वेळानं परत तेच, रात्रीची झोपही त्यातच जाते, आणि कल्चर केलं तर जंतू सापडत नाहीत. पूर्ण नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस, आता त्याला जोडून ब्लॅडर पेन सिंड्रोम असंही म्हणतात. अमेरिकन युरॉलॉजीवाल्यांच्या व्याख्येत त्रास ६ आठवड्यांहून जास्त हवा, युरोपियन गटानं २००८ साली मांडलेल्या व्याख्येत ६ महिन्यांहून जास्त. खडे, इन्फेक्शन, कॅन्सर, केटामीन या भुलीच्या औषधामुळे झालेला सिस्टायटिस (ब्लॅडरची सूज) असली बाकीची कारणं वगळत वगळत इथे पोचावं लागतं, एक टेस्ट केली आणि निदान झालं असं अजून तरी नाही. जीन एक्स्प्रेशनच्या संशोधनामागे इतकी माणसं लागलीत त्याचं एक मोठं कारण हेच.

२. जीन एक्स्प्रेशन म्हणजे काय, साध्या भाषेत सांगा ना.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, पण ब्लॅडरच्या अस्तरातली पेशी आणि मेंदूतली पेशी एकसारखी वागत नाही कारण दोघींमध्ये वेगवेगळे जीन्स चालू असतात. जीन चालू झाला की त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रोटीन बनतं. कुठल्या जीनच्या किती नकला निघाल्यात हे मोजणं म्हणजे जीन एक्स्प्रेशन मोजणं. माणसात प्रोटीन बनवणारे साधारण २०,००० जीन्स आहेत आणि आता ब्लॅडरच्या एका छोट्या तुकड्यातून सगळ्यांची मोजणी एकदम होते, आधी मायक्रोअ‍ॅरे नावाच्या चिपवर करायचे, आता बहुतेक आरएनए सिक्वेन्सिंग करतात.

हे आकडे त्या क्षणाचे असतात हे मात्र डोक्यात ठेवा. आज सूज आहे, उद्या औषध घेतलं, परवा ब्लॅडर ताणलं, प्रत्येक वेळी आकडे बदलणार.

३. जीनचा विषय आहे म्हणजे हा आनुवंशिक आजार झाला का? माझ्या मुलीला होईल का?

हा प्रश्न आयांकडून येतो आणि त्यामागची काळजी कळते. तर एक्स्प्रेशन बदललंय याचा अर्थ डीएनएमध्ये दोष आहे असा होत नाही, सूज आली की कुठल्याही निरोगी माणसाच्या शेकडो जीन्सचं एक्स्प्रेशन बदलतं.

आनुवंशिकतेवर वेगळं काम झालंय. स्वीडनमधल्या जुळ्यांवर झालेल्या आणि २०११ साली आलेल्या अभ्यासात बायकांमध्ये आनुवंशिक घटकांचा वाटा एक तृतीयांशाहून कमी निघाला, बाकीचा परिस्थितीचा. २०२३ साली जपानी गटानं आयसीच्या हनर प्रकाराच्या (४ बघा) पेशंटच्या डीएनएची तुलना केली तेव्हा एमएचसी नावाच्या भागात, म्हणजे आपलं-परकं ओळखणाऱ्या प्रोटीन्सचे जीन्स जिथे असतात तिथे, धोका वाढवणारे फरक सापडले. असे फरक असूनही ज्यांना काहीच होत नाही अशी माणसं भरपूर असतात. घरात एकीला आहे म्हणून दुसरीला होणारच असं नाही, त्यासाठी आत्तापासून कुठली टेस्ट करून ठेवायची गरज नाही.

४. हनर लेजन हे काय प्रकरण आहे? प्रत्येक पेपरमध्ये तेच नाव का येतं?

कारण या विषयातली सगळ्यात पक्की गोष्ट तीच आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. हनर यांनी १९१५ साली काही बायकांच्या ब्लॅडरमधल्या एका वेगळ्या जखमेबद्दल लिहिलं, त्यावरून हे नाव. सिस्टोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीची नळी घालून ब्लॅडरच्या आत बघताना, लालसर चट्टा दिसतो, बारीक रक्तवाहिन्या त्याच्या मध्याकडे येताना दिसतात, आणि ब्लॅडर पाण्यानं ताणलं की तो चट्टा चिरतो आणि रक्त पाझरतं. आयसीच्या सगळ्या पेशंटपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत हे सापडतं असं सांगतात, काही सेंटरमध्ये त्याहून बरंच जास्त.

आता मुद्दा असा की बाहेरून लक्षणं जवळपास सारखीच, तेच दुखणं, तेच बाथरूमला पळणं, पण आरएनए बघितला तर हनरवाले आणि बिनहनरवाले हे दोन वेगळे आजार असल्यासारखे दिसतात. म्हणून आयसीवरचा कुठलाही पेपर, कुठलीही बातमी हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, यात पेशंट कुठल्या प्रकारचे होते. ते लिहिलेलंच नसेल किंवा दोन्ही प्रकार एकत्र करून सरासरी काढली असेल तर माझ्या मते तो निकाल तिथेच बाजूला ठेवावा.

५. सॅम्पल कसं घेतात? फार दुखतं का?

बहुतेक वेळा भूल देऊन सिस्टोस्कोपी होते तेव्हाच घेतात, त्यामुळे घेताना कळत नाही. नळीतून बारीक चिमटा आत जातो आणि काही मिलिमीटरचा तुकडा काढतात. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला जातो, दुसरा लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात किंवा लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकतात आणि मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. इथे घाई खरंच महत्त्वाची असते कारण आरएनए फार नाजूक, पेशी मरायला लागल्या की त्यातली कातरणारी एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात. लॅबमध्ये आधी आरएनए किती शाबूत आहे त्याचा १ ते १० असा स्कोअर काढतात, फार कमी आला तर सॅम्पल फेकावंच लागतं. नंतर एक-दोन दिवस लघवीला आग होणं, थोडं रक्त दिसणं होऊ शकतं. ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडल्या तर थांबू नका, हॉस्पिटलला कळवा.

चिमटा किती खोल गेला यावरसुद्धा आकडे बदलतात, कारण एका तुकड्यात नुसतं अस्तर येतं आणि दुसऱ्यात खालचा स्नायूही. पेपरमध्ये ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते आणि मला ते नेहमी खटकतं.

६. इतकी वर्षं संशोधन चाललंय, मग नक्की सापडलं काय?

हनर प्रकारात बरंच काही. २००९ साली स्वित्झर्लंडमधून हनरवाल्या पेशंटच्या बायॉप्सीवर, म्हणजे ५ मधल्यासारख्या तुकड्यांवर, मायक्रोअ‍ॅरेचं काम आलं, २०१० साली जपानमधून अस्तरावरचं काम आलं, आणि चित्र साधारण एकाच दिशेचं निघालं. सीएक्ससीएल ९, १० आणि ११ हे केमोकाइन, म्हणजे रोगप्रतिकाराच्या पेशींना बोलावून घेणारी प्रोटीन्स, यांचे जीन्स चढलेले, लिम्फोसाइट पेशींचे जीन्स चढलेले. ही तिन्ही केमोकाइन सीएक्ससीआर ३ या एकाच रिसेप्टरवर (पेशीवरचं निरोप घेणारं प्रोटीन) बसतात आणि इंटरफेरॉन गॅमा या रोगप्रतिकाराच्या निरोप्यामुळे वाढतात, म्हणजे हा विस्कळीत गोंधळ नाही, एक ठराविक प्रकारची सूज आहे. पुढे २०१५ साली सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळलं की सूज फक्त चट्ट्यापुरती नसते, सगळ्या ब्लॅडरभर असते, आणि काही पेशंटमध्ये बी पेशींची एकाच वंशाची पिलावळ वाढलेली दिसते. २०१९ साली जपानमध्ये पूर्ण आरएनए सिक्वेन्सिंग केलं तेव्हा हनरवाले स्पष्ट वेगळे पडले, आणि बिनहनरवाले बऱ्याच अंशी निरोगी तुलना-गटासारखे दिसले.

दुसरा धागा ब्लॅडरच्या क्षमतेचा आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या एका गटानं भूल दिलेली असताना ब्लॅडरमध्ये किती मावतं त्यावरून पेशंट वेगळे केले, ४०० मिलिलिटरपर्यंत एक गट आणि त्याहून जास्त दुसरा, तर कमी क्षमतेवाल्यांचं जीन एक्स्प्रेशन वेगळं निघालं. याच धाग्यावर पुढे असंही दिसलं की कमी क्षमतेवाल्यांचा आजार जास्त करून ब्लॅडरपुरता असतो आणि बाकीच्यांत अंगभर दुखणं, आयबीएस (आतड्याचा जुनाट त्रास), मायग्रेन अशा इतर तक्रारी जास्त असतात. क्षमता मोजायला महागडी मशिन लागत नाही, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

वेदनेशी थेट संबंध असलेले जीन्सही चढलेले मिळालेत, उदाहरणार्थ टीआरपीव्ही १, ज्याचा रिसेप्टर उष्णतेनं आणि तिखटातल्या कॅप्सेसिननं चाळवतो, आणि एनजीएफ, जो वेदनेच्या नसांची वाढ आणि संवेदनशीलता वाढवतो.

७. मला हनर नाही, बायॉप्सी नॉर्मल, आता म्हणताय जीन एक्स्प्रेशनपण निरोगी लोकांसारखंच. म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का?

नाही. हे वाक्य कितीजणींना तपासणीच्या खोलीत ऐकावं लागलंय आणि त्यानं किती नुकसान झालंय, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

बायॉप्सीत काय असतं? ब्लॅडरच्या भिंतीचा काही मिलिमीटरचा तुकडा. ब्लॅडरमधून निघणाऱ्या संवेदनेच्या नसांच्या पेशींचं मुख्य शरीर तिथे नसतंच, ते पाठीच्या कण्याजवळच्या गँगलियामध्ये, म्हणजे नसांच्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये, असतं, आणि त्या पेशींचा बहुतेक आरएनएही तिकडेच. पुढे मज्जारज्जू, मग मेंदू. बिघाड या वाटेवर कुठेही असेल तर ब्लॅडरच्या तुकड्यात तो दिसणार कसा? तुकडा नॉर्मल आला याचा अर्थ इतकाच की तुकड्यात मोठी सूज नाही.

आणि बाकीच्या ठिकाणी बघितलं तेव्हा सापडलंयसुद्धा. अमेरिकेत एनआयडीडीके या सरकारी संस्थेनं २००८ साली मॅप नावाचं संशोधनाचं नेटवर्क सुरू केलं, ते मुद्दाम ब्लॅडरच्या बाहेर बघायला. तिथल्या कामात पेशंटच्या रक्तातल्या पेशींना लॅबमध्ये जिवाणूच्या आवरणातले पदार्थ देऊन चाळवलं तर काहींच्यात सूज आणणारा प्रतिसाद जास्त जोरात आला, आणि ज्यांना ब्लॅडरशिवाय इतरत्रही दुखतं त्यांच्याशी त्याचा संबंध दिसला. मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसलेत. त्यामुळे कोणी तुमचा नॉर्मल रिपोर्ट दाखवून आजारच नाही म्हणत असेल तर ते संशोधनाला धरून नाही. शिवाय सिस्टोस्कोपीत हनर नजरेतून सुटूही शकतं, त्यासाठी २० बघा.

८. अस्तराचे जीन्स खूप कमी झालेत असं वाचलं. म्हणजे माझ्या ब्लॅडरचं अस्तर बनणंच बंद पडलंय का?

असं लगेच म्हणता येत नाही, आणि शिकणाऱ्या मुलांनी तर हे उत्तर दोनदा वाचा.

जुन्या पद्धतीत सगळा तुकडा वाटून त्यातला एकूण आरएनए मोजतात. समजा, निरोगी तुकड्यात १०० पैकी ६० पेशी अस्तराच्या आहेत आणि हनरच्या तुकड्यात अस्तर सोलून निघाल्यामुळे १५ च उरल्यात (आकडे समजावण्यापुरते घेतलेत). उरलेली प्रत्येक पेशी युरोप्लाकिन हे अस्तराचं प्रोटीन अगदी पहिल्याइतकंच बनवतेय, काहीही बिघडलेलं नाही, तरी एकूण आकडा चौपट कमी येणार. पेपरमध्ये लिहिलं जाणार, युरोप्लाकिनचं एक्स्प्रेशन घटलं. प्रत्यक्षात घटल्या त्या पेशी. हेच उलट्या बाजूनं, तुकड्यात बी पेशी आणि प्लाझ्मा पेशी येऊन बसल्या की इम्युनोग्लोब्युलिनचे (त्या पेशी बनवतात त्या अँटिबॉडीचे) जीन्स प्रचंड चढलेले दिसतात, पण ब्लॅडरच्या स्वतःच्या पेशींनी ते चढवलेले नसतात.

याचा अर्थ अस्तर नीट असतं असाही नाही. पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारी ई-कॅडहेरिन आणि झेडओ-१ सारखी प्रोटीन्स रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर आयसीच्या अस्तरात त्यांची मांडणी बिघडलेली दिसलीय, आणि अस्तर गळकं झालं की लघवीतले क्षार आत जाऊन नसांना चाळवतात ही कल्पना बरीच जुनी आहे. पण जीन बंद पडला आणि पेशी गेली यातला फरक नुसत्या एकूण आकड्यावरून कळत नाही. तो कळायला एक तर एकेक पेशी वेगळी करून मोजावी लागते (१७ बघा), नाहीतर निदान तुकड्यात कुठल्या पेशी किती होत्या त्याचा हिशेब लावावा लागतो. जाहिरातीत अस्तराचे जीन्स परत चालू करणारं सप्लिमेंट वगैरे दिसलं तर हा मुद्दा आठवा आणि पैसे वाचवा.

९. पेपरमध्ये फोल्ड चेंज, पी व्हॅल्यू असलं काय काय असतं, ते वाचायचं कसं?

फोल्ड चेंज म्हणजे निरोगी गटाच्या तुलनेत किती पट. बहुतेक वेळा तो लॉग २ मध्ये देतात, तिथे १ म्हणजे दुप्पट, २ म्हणजे चौपट, उणे १ म्हणजे निम्मं. लॉग आकडा ३ बघून तिप्पट समजणारे बरेच भेटतात, ते आठपट असतं.

पी व्हॅल्यूचं म्हणाल तर एका जीनसाठी ०.०५ ठीक वाटतं, पण २०,००० जीन्स एकदम तपासले तर खरा फरक शून्य असला तरी सुमारे १,००० जीन्स नुसत्या योगायोगानं त्या रेषेच्या आत येतील. म्हणून दुरुस्ती केलेला आकडा बघायचा, त्याला एफडीआर किंवा अ‍ॅडजस्टेड पी म्हणतात. तो दिलाच नसेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका. आणि सॅम्पल किती होती ते बघा, या आजारात बरेचसे अभ्यास एका गटात मोजक्याच पेशंटवर झालेत कारण बायॉप्सी मिळणं अवघड.

१०. तुलनेसाठी निरोगी ब्लॅडरचा तुकडा देतं कोण?

छान प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात. पूर्ण निरोगी माणूस उगाच भूल घेऊन बायॉप्सी द्यायला येत नाही. त्यामुळे तुलना-गटात बऱ्याचदा लघवी न थांबण्याच्या त्रासासाठी ऑपरेशन होत असलेल्या बायका असतात, किंवा ब्लॅडर कॅन्सरच्या पेशंटचा गाठीपासून लांबचा भाग असतो. दोन्हींत काही ना काही त्रास आहेच. दोन पेपरमधला फरक कधीकधी आजाराचा नसून तुलना-गटाचा असतो.

११. एपीएफ नावाची टेस्ट येणार होती, तिचं काय झालं?

एपीएफ म्हणजे पेशींची वाढ थांबवणारा एक छोटा रेणू, आयसी असलेल्यांच्या लघवीत अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या गटाला सापडला. २००४ साली त्याची रचना आली, फक्त ९ अमिनो आम्लं आणि त्याला लागलेली साखर. निरोगी अस्तराच्या पेशींना लॅबमध्ये एपीएफ दिलं तर त्यांचं जीन एक्स्प्रेशन आयसीच्या पेशींसारखं होतं असंही त्यांनी दाखवलं, त्यामुळे आशा खूप होती. पण तो मोजायचा म्हणजे पेशी वाढवून त्यांची वाढ किती मंदावते ते बघायचं, हे रोजच्या लॅबमध्ये जमणारं काम नाही, आणि दवाखान्यातली रुटीन टेस्ट ती कधीच झाली नाही. आज कोणी एपीएफ टेस्टच्या नावानं पैसे मागत असेल तर देऊ नका.

१२. मग लघवीतून किंवा रक्तातून जीन एक्स्प्रेशनची टेस्ट कधी येणार?

प्रयत्न चालू आहेत. लघवी तळाशी बसवून त्या गाळातल्या पेशींचा आरएनए मोजण्याचं काम २०१२ साली आलं, हनरवाल्यांमध्ये त्यातून रोगप्रतिकाराच्या जीन्सचे संकेत मिळतात. अडचण अशी की लघवीत पेशी कमी, आरएनए लवकर तुटतो, आणि त्यात पांढऱ्या पेशी आल्या तर साधं इन्फेक्शन आणि आयसी यांच्यात घोटाळा होऊ शकतो. निदानासाठी मान्य झालेली अशी टेस्ट आज नाही.

१३. घरी थुंकी पाठवून करायची डीएनए टेस्ट केली तर आयसी कळेल का?

नाही. ती डीएनए बघते, एक्स्प्रेशन बघत नाही, आणि ब्लॅडरचं तर नाहीच. बाकी ३ मध्ये आहे.

१४. मायक्रोआरएनएबद्दल ऐकलं, ते वेगळं असतं का?

हो, ते प्रोटीन बनवत नाहीत, दुसऱ्या जीन्सच्या नकलांना चिकटून त्यांना गप्प करतात. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटानं दाखवलं की या पेशंटच्या ब्लॅडरमध्ये काही मायक्रोआरएनए वाढलेत आणि त्यामुळे सबस्टन्स पी या वेदनेच्या निरोप्याचा एनके १ रिसेप्टर कमी होत असावा. म्हणजे वेदनेचा रिसेप्टर वाढायच्या ऐवजी कमी, ऐकायला उलटंच वाटतं. वर्षानुवर्षं निरोप येतच राहिला की पेशी रिसेप्टर कमी करून जुळवून घेते, असा त्याचा अर्थ लावतात. जीन कमी दिसला की तो आजाराचं कारण, असं धरून चालायचं नाही याचं हे चांगलं उदाहरण.

१५. उंदरांवर सापडलेलं माणसाला लागू होतं का?

थोडंफार. उंदरांत बहुतेक वेळा सायक्लोफॉस्फमाइड देऊन ब्लॅडरला इजा करतात, त्यातून अ‍ॅक्रोलीन नावाचा विषारी पदार्थ लघवीत येतो आणि अस्तर भाजतं. ती काही तासा-दिवसांची ताजी इजा, तुमचं दुखणं वर्षांचं. मांजरांना मात्र असाच आजार आपोआप होतो, त्यावर ओहायोमध्ये बरंच काम झालंय आणि त्यात ताणाला प्रतिसाद देणारी शरीराची यंत्रणाही बिघडलेली दिसली. मला मांजरांवरचं काम जास्त जवळचं वाटतं.

१६. या सगळ्यातून एकतरी औषध आलं का?

थेट जीन एक्स्प्रेशनच्या यादीतून निघून बाजारात आलेलं, नाही. प्रयत्न झाले ते सांगते. एनजीएफला अडवणारं टॅनेझुमॅब आयसीमध्ये वापरून बघितलं, दुखणं काहीसं कमी झालं, पण २०१० साली या गटातल्या औषधांच्या चाचण्या सांध्यांना इजा होण्याच्या भीतीनं अमेरिकेत थांबवल्या गेल्या आणि पुढे ते औषध सोडूनच दिलं. रोसिप्टॉर नावाचं, पेशीतला सूजेचा मार्ग दाबणारं औषध २०१८ साली मोठ्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

फायदा झालाय तो दुसऱ्या प्रकारे. हनर हा रोगप्रतिकाराचा आजार आहे हे आरएनएवरून पक्कं होत गेलं तशी तिथल्या उपचारांमागची बाजू भक्कम झाली, म्हणजे चट्टा जाळणं, त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं, आणि अगदी बाकी काही चालत नसेल तर सायक्लोस्पोरिन हे रोगप्रतिकार दाबणारं औषध, जे हनरवाल्यांना जास्त लागू पडतं पण ब्लडप्रेशर आणि किडनीवर लक्ष ठेवून द्यावं लागतं. हनर आहे की नाही हे न बघताच वर्षानुवर्षं गोळ्या चालू असतील तर सिस्टोस्कोपीचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा.

१७. सिंगल सेल पद्धतीनं काय नवीन होणार?

८ मधला घोळ सुटतो. तुकडा वाटायच्या ऐवजी पेशी सुट्या करून हजारो पेशींचा आरएनए एकेक करून मोजतात, मग कळतं की अमुक केमोकाइन नक्की कुठली पेशी सोडतेय. गेल्या काही वर्षांत आयसीवरही असे अभ्यास आलेत. तोटा असा की पेशी सुट्या करताना नाजूक पेशी मरतात, वरच्या थरातल्या मोठ्या छत्री पेशींचा त्यात बळी जाऊ शकतो, आणि खर्चामुळे पेशंट मोजकेच असतात. हजारो पेशी म्हणजे हजारो पेशंट नाहीत, हे बातमी वाचताना सोडू नका.

१८. पुरुषांना होतं का? त्यांच्यावर संशोधन का नाही?

होतं. निदान बायकांत जास्त होतं, आणि पुरुषांच्या त्रासावर बऱ्याचदा प्रोस्टेटायटिसचा शिक्का बसतो म्हणून ते अभ्यासात येतच नाहीत. मॅपमध्ये (७ बघा) पुरुषही घेतलेत. पण बायॉप्सीवरच्या बहुतेक जुन्या याद्या बायकांच्याच आहेत, त्या पुरुषांना जशाच्या तशा लावू नयेत.

१९. डेटा सगळ्यांना बघता येतो का? मला प्रोजेक्ट करायचाय.

येतो, फुकट. अमेरिकेच्या एनसीबीआयच्या जीईओ या साठ्यात आहे, जीएसई ११७८३ आणि जीएसई ५७५६० हे दोन संच या विषयात सगळे वापरतात. आणि तीच अडचण झालीय, त्याच दोन संचांवरून नवनवीन हब जीन्स (बाकीच्या अनेक जीन्सशी जोडलेले मधले जीन्स) काढलेले पेपर येत राहतात, प्रत्येकाची यादी वेगळी, आणि पेशंट मात्र तेच जुने मोजके. दोन संच एकत्र करणार असाल तर चिप कुठली, तुकडा कुठून घेतलाय, हनर किती हे आधी लिहून काढा, नाहीतर तुम्हाला सापडलेला फरक दोन लॅबमधला असेल. आणि शेवटी जे सापडेल ते वेगळ्या पेशंटच्या सॅम्पलवर तपासल्याशिवाय त्याला बायोमार्कर, म्हणजे आजाराची मोजता येणारी खूण, म्हणू नका, लोक आशेनं वाचतात.

२०. पहिल्या सिस्टोस्कोपीत हनर नव्हतं, काही वर्षांनी दिसलं. मग मी कुठल्या गटात?

आता दिसलंय म्हणजे हनर गटात. बिनहनर आजाराचं हनरमध्ये रूपांतर होणं फार क्वचित असावं असं मानतात, पण पहिल्या वेळी नजरेतून सुटलं असण्याची शक्यता बरीच असते. चट्टा छोटा असेल, ब्लॅडर नीट भरलं नसेल, किंवा बघणाऱ्याला सवय नसेल तर सुटतो, आणि एकच चित्र बघून दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. नॅरो बँड इमेजिंगच्या प्रकाशात जास्त स्पष्ट दिसतो. संशोधनात यामुळे बिनहनर गटात काही हनरवाले मिसळतात आणि ६ मधले निकाल धूसर होतात. जुना रिपोर्ट आणि फोटो जपून ठेवा, नवीन डॉक्टरला दोन्ही दाखवा.

२१. मी स्टेरॉइड घेतेय आणि मागे ब्लॅडर ताणण्याची प्रोसिजर झालीय. मी संशोधनाला सॅम्पल देऊ शकते का?

त्या अभ्यासाच्या नियमांवर आहे, पण सांगायचं मात्र सगळं. स्टेरॉइडनं सूजेचे जीन्स दबतात. आणि ब्लॅडर ताणण्याचाही परिणाम होतो, २००० साली दाखवलं गेलंय की ताणल्यानंतर लघवीतलं एपीएफ आणि वाढीचं एक प्रोटीन निरोगी पातळीकडे सरकतं. म्हणून तुकडा ताणण्याआधी घेतला की नंतर ते काही गट नोंदवून ठेवतात. तुमची इन्स्टिलेशन (ब्लॅडरमध्ये नळीतून सोडलेली औषधं), गोळ्या, शेवटचं इन्फेक्शन कधी झालं, पाळी सुरू आहे की थांबलीय, सगळं तारखेसकट लिहून न्या. आपल्याला घेणार नाहीत या भीतीनं औषध लपवू नका आणि सॅम्पल देण्यासाठी चालू औषध स्वतःहून बंदही करू नका. संमतीपत्रावर सही करण्याआधी इतकं विचारून घ्या, हा तुकडा उपचारासाठी तसाही निघणार होता की फक्त संशोधनासाठी जादा काढताय, आणि माझा डेटा नाव काढून कुठल्या साठ्यात जाणार आहे.